पुसण्याची मुभा

माझी नात दुसरीत गेली त्या जून महिन्यातली गोष्ट. सूनबाई संध्याकाळी ऑफिसातून आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि म्हणाली, "बाबा, शाळेतून बाईंचा फोन होता. ही वही उघडते, पेन्सिल हातात धरते आणि तशीच बसून राहते. लिहीतच नाही."

"येत नसेल," मी म्हणालो.

"येतं. तोंडी विचारलं की सगळं सांगते. लिहायला सांगितलं की गप्प."

मी वर्तमानपत्रात डोकं घातलं. हे प्रकरण कुठून सुरू झालं असेल याचा अंदाज मला तिथल्या तिथे आला होता. त्याआधीचं वर्षभर नातीचा अभ्यास दुपारी मी घेत होतो. बँकेतल्या ३३ वर्षांच्या नोकरीनंतर माझ्याकडे वेळ भरपूर होता आणि शिस्त त्याहून भरपूर. वहीत खोडरबर वापरायचं नाही, असा माझा नियम. चुकलं तर चुकलेल्या अक्षरावर एकच आडवी रेघ मारायची, बरोबर अक्षर वर लिहायचं आणि शेजारी बारीकशी सही करायची. पहिले आठ दिवस तिला हा खेळ वाटला. सही करायला मिळते म्हणून ती खूश, आणि नात आपल्या वळणावर गेली म्हणून मी खूश. आल्यागेल्याला मी ती वही कौतुकानं दाखवत असे. पुढे एकेका पानावर सात-सात, आठ-आठ सह्या दिसू लागल्या. एके दुपारी ती म्हणाली, "आजोबा, आज मला सही नाही करायची."

मी म्हणालो, "मग चुकू नकोस."

हे वाक्य मी बोललो होतो, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही. त्या रात्री सौ.ला सगळं सांगितलं. ती दुधाचं पातेलं झाकत होती. मागे वळूनही न पाहता म्हणाली, "अहो, ती सात वर्षांची आहे. अजून बँकेत लागलेली नाही."

ज्यांनी लेजरच्या काळात बँकेत दिवस काढले आहेत, त्यांना माझी ही खोड समजेल. खाडाखोड हा आमच्याकडे अपशकुनी शब्द. आकडा चुकला तर तो रबरानं खोडायचा नाही, ब्लेडनं खरवडायचा नाही, त्यावर दुसरा आकडा गिरवायचा नाही. खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे अशी एक रेघ, वर बरोबर आकडा आणि शेजारी जबाबदार माणसाची सही. पराक्राम्य लेख कायदा १८८१ सालचा. त्याच्या ८७ व्या कलमानुसार धनादेशासारख्या कागदात संबंधितांच्या संमतीवाचून महत्त्वाचा बदल केला, तर तो कागद त्यांच्यापुरता रद्द ठरतो. पुढे धनादेशांची छायाचित्रं पाठवून वटवण्याची पद्धत आली, तेव्हा डिसेंबर २०१० पासून अशा धनादेशांवर रिझर्व्ह बँकेनं सहीनिशी केलेली खाडाखोडही बंद केली. तारखेपुरती तेवढी सवलत ठेवली. लेजर जाऊन संगणक आले तरी तत्त्व तेच राहिलं. चुकलेली नोंद पुसून टाकत नाहीत, तिच्या उलटी नोंद करतात. आपण काय चुकलो ते खात्यात कायमचं दिसत राहतं.

या शिस्तीला मी नावं ठेवणार नाही. लोकांचा पैसा तिच्यावरच सुरक्षित राहतो. पण त्या शिस्तीच्या नावाखाली मी एकदा काय केलं, ते सांगायला हवं.

१९८६ साल. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखेत अधिकारी होतो. महिनाअखेरीला बचत खात्यांची जुळणी काही केल्या बसेना. फरक ५४० रुपयांचा. फरकाला नऊनं भाग गेला की आकडे उलटसुलट पडले असणार, हे बँकेतलं बाळकडू. दोन रात्री आम्ही कंदिलाच्या उजेडात लेजरं चाळत बसलो. वीज त्या गावात पाहुण्यासारखी यायची. तिसऱ्या दिवशी सकाळी बेरीज मारली तर फरक नाहीसा! सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र एकेक पान उजेडासमोर धरत गेलो आणि एका पानावर थांबलो. कागद ब्लेडनं खरवडून पातळ झाला होता. ७१० च्या जागी १७० लिहिलेले होते.

एका तरुण कारकुनाचं ते काम. पैसा कुठेही गेला नव्हता. एका म्हातारीनं भरलेले १७० रुपये त्यानं ७१० लिहिले होते, आणि चूक ध्यानात आल्यावर गुपचूप दुरुस्त केले होते. मी रीतीप्रमाणे वर कळवलं. त्याचं स्पष्टीकरण मागवलं गेलं, चौकशी झाली, एक वेतनवाढ रोखली गेली. माझं कौतुक झालं. सगळं उरकल्यावर मी त्याला विचारलं, "अरे, एक रेघ आणि एक सही, एवढ्यावर भागलं असतं. मला सांगितलं का नाहीस?"

तो म्हणाला, "साहेब, मागच्या महिन्यात माझ्या दोन चुका निघाल्या, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या सह्या मोजल्या होत्या."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, पण उपयोगाला आलं नाही. चाळीस वर्षांनी त्याच सह्या मी एका सात वर्षांच्या मुलीच्या वहीत मोजत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं स्वतःचं शिक्षण कसं सुरू झालं ते आठवू लागलो. लाकडी चौकटीची दगडी पाटी. तिच्या एका कोपऱ्याला भोक, त्यात दोरीनं बांधलेला ओला बोळा. बोळा बहुतेक वेळा हरवलेला असे, मग थुंकी लावून हाताच्या कोपरानं पाटी पुसायची आणि विद्येला थुंकी लावल्याबद्दल गुरुजींची टपली खायची. पाटी लवकर वाळावी म्हणून ती वाऱ्यावर हलवायची. पेन्सिलीचा तुकडा लिहिता लिहिता अर्धा पोटात जायचा. गुरुजी पाटीवर ठळक अ काढून देत आणि आम्ही तो गिरवत बसू, इतका की शेवटी तो अ न राहता पांढरा गोळा होई. मग पुसायचा आणि पुन्हा. दिवसात किती वेळा चुकलो याचा हिशेब कोणाकडेच नसे. पुसलं की संपलं. वही हातात आली ती तिसरीत, आणि तोवर भीती बाळगण्याजोगं फारसं उरलं नव्हतं.

आमच्या आधीच्या पिढ्यांना तर पाटीही नव्हती. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं. तीच धुळपाटी. कोणत्याही विद्येच्या आरंभाला आपण आजही 'धुळाक्षरं गिरवणं' म्हणतो ते त्यावरूनच. हे धुळीतलं शिक्षण पुढे साता समुद्रापार गेलं. अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासला लष्करी अनाथालयाची शाळा सांभाळत होते. तिथल्या गावठी शाळेतली मुलं वाळूत बोटांनी अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि आपल्या शाळेतही वाळू पसरली. थोडं येणाऱ्या मुलानं न येणाऱ्याला शिकवायचं, ही पद्धतही त्यांनी तिथेच बसवली. १७९७ साली त्यांनी लंडनमध्ये यावर पुस्तिका छापली आणि पुढे इंग्लंडातली असंख्य गोरगरिबांची मुलं वाळूच्या ताटात अक्षरं शिकली.

तेव्हा हे सगळं कागद महाग म्हणून होतं, हे खरं. पण त्या गरिबीनं एक क्रम आपोआप लावून दिला होता. आधी पुसता येणारं, मग न पुसता येणारं. आता कागद स्वस्त झाला. तीन वर्षांच्या पोराच्या हातात आपण रेघी वही देतो आणि त्याची पहिलीवहिली वाकडी रेघ कायमची जपून ठेवतो, वर लाल शाईनं शेराही मारतो.

मुलगा दुसऱ्याच रविवारी दोन फूट बाय तीन फुटांचा पांढरा फळा घेऊन आला आणि आमच्या बोळकंडीत, नातीच्या खांद्याच्या उंचीवर ठोकून दिला. सोबत चार मार्कर. आठवडाभरात दोघांची टोपणं सोफ्याखाली गेली आणि ते वाळले, तिसऱ्याचं टोक दाबून दाबून आत गेलं. चौथ्याचा वास सौ.ला सोसेना. या मार्करच्या शाईत रंग मद्यार्कासारख्या द्रवात मिसळलेला असतो आणि सोबत एक तेलकट द्रव्य असतं. द्रव उडून जातो, तेलकट द्रव्य रंगाला फळ्याशी चिकटू देत नाही, म्हणून तो कोरड्या फडक्यानं निघतो. वास येतो तो त्या उडून जाणाऱ्या द्रवाचा. टोपण उघडं राहिलं की मार्कर वाळतो, त्याचंही कारण तेच.

मुलानं मग पुसता येणारे मेणखडू मागवायचं ठरवलं. ते यायला चार दिवस होते. मला धीर कुठला! 'खडू ते खडू' म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून साधे मेणाचे खडू आणले. नातीनं त्यांनी फळाभर मोठा मोर काढला. पुसायला गेलो तर मोराचा हिरवा-निळा चिखल झाला. साध्या खडूतलं मेण फळ्याला घट्ट धरून बसतं, हे मला तेव्हा कळलं. खोबरेल तेलाचा बोळा, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, असं दोन तास मी घासत होतो आणि नात शेजारी उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "आजोबा, तुमचं पण चुकतं?"

"चुकतं की."

"मग सही करा ना फळ्यावर!"

त्या दिवशी ती खूप दिवसांनी खदखदून हसली. मला वाटतं, तिची गाडी खडू येण्याआधी तिथेच रुळावर आली असावी.

खडू आले. क्रेयोला या अमेरिकन कंपनीचे. या कंपनीचा इतिहास गमतीचा आहे. तिचं मूळ नाव बिनी अँड स्मिथ. १९०० साली तिनं पेनसिल्व्हेनियात पाटीवरच्या पेन्सिली बनवायला घेतल्या, १९०२ मध्ये धूळ न उडणारा फळ्याचा खडू काढला आणि १९०३ मध्ये आठ रंगांचे मेणखडू पाच सेंटला एक पेटी या भावानं विकायला आणले. खडूला फ्रेंचमध्ये 'क्रे' म्हणतात, त्यावरून नाव क्रेयोला. पाटीची पेन्सिल, खडू, मेणखडू आणि आता फळ्यावरून पुसला जाणारा मेणखडू, असा एका घराण्याचा हा वंशवृक्ष.

वापरून पाहिल्यावर गुणदोष कळले. टोपण नाही, त्यामुळे हरवायचं काही नाही. वाळत नाहीत, वास नाही. जाड असल्यानं लहान मुठीत बसतात आणि कितीही दाबून लिहिलं तरी टोक आत जात नाही. पण पडले तर तुटतात, टोक लवकर बोथट होतं आणि मार्करपेक्षा अक्षर फिकं दिसतं. पुसायला जरा जोर लागतो, एका झटक्यात निघत नाहीत. आम्ही जुना सुती मोजा हातात चढवून पुसतो, त्याच्याइतकं सोयीचं फडकं दुसरं नाही. मजकूर बरेच दिवस तसाच ठेवला तर मोजा थोडा ओला करावा लागतो. उन्हात ठेवू नयेत, मेणच ते. फळा गुळगुळीत हवा. स्वस्त फळ्याचा थर झिजला की त्यावर जुन्या अक्षरांच्या सावल्या राहू लागतात, त्याला इलाज नाही. नवा फळा घेतला की आधी एका कोपऱ्यात रेघ मारून, पुसून पाहावं. आणि भिंतीवर हे खडू चालत नाहीत, ही गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी सांगावी. आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितली.

जोर लावून पुसावं लागतं, हा मी आधी दोष मानला होता. पुढे लक्षात आलं की पुसता पुसता नात आपण काय चुकलो ते बघत असे. 'पाऊस'चा उकार दीर्घ, 'फूल'चाही दीर्घ, असं पुटपुटत ती मोजा फिरवी. मी बोळकंडीत जायचं नाही, असा सौ.चा हुकूम होता. मी दारातून चोरून ऐकत असे.

नातीच्या वर्गाच्या बाईंना ही हकीकत सूनबाईनं सांगितली. त्या उत्साही. त्यांनी पालकांशी बोलून वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी वहीएवढा पांढरा फळा आणि दोन-दोन खडू जमवले. एकदा मला गोष्ट सांगायला वर्गात बोलावलं होतं, तेव्हा त्यांचा तास पाहिला. त्या प्रश्न विचारतात, मुलं आपापल्या फळ्यावर उत्तर लिहितात आणि "दाखवा!" म्हटलं की चाळीस फळे एकदम वर होतात. एका नजरेत बाईंना कळतं, कोणाला आलं आणि कुठे अडलं. हात वर करणारी नेहमीची पाच हुशार मुलं आणि मागे लपणारी पस्तीस, हा प्रकारच उरत नाही. इंग्लंडमध्ये अशा छोट्या फळ्यांचा बराच वापर होतो. शिक्षणतज्ज्ञ डिलन विल्यम यांनी २०१० साली बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी एका शाळेच्या वर्गात जे बदल करून पाहिले, त्यात हे फळेही होते.

मागच्या बाकावरच्या एका मुलानं सात आठे चोपन्न लिहून फळा वर धरला. बाई एवढंच म्हणाल्या, "जवळ आलास, पुन्हा बघ." त्यानं शर्टाच्या बाहीनं चार पुसला, सहा केला आणि पुन्हा फळा वर धरला. चेहऱ्यावर अपराध नाही, काही नाही. मला चाळीस वर्षांपूर्वीचं ते खरवडलेलं पान आठवलं. त्या कारकुनालाही माझ्याकडून एवढंच हवं होतं.

आमच्या वयाची माणसं अशा वेळी म्हणतात, "अहो, मग दगडी पाटीच काय वाईट होती?" मीही म्हणालो असतो. पण त्या पाटीवरच्या पेन्सिलीची दुसरी बाजू ठाऊक असावी. मध्य प्रदेशातलं मंदसौर हे या पेन्सिलींचं मोठं केंद्र. तिथे दगड विजेच्या करवतींनी कापून कांड्या पाडत. त्याची बारीक धूळ कामगारांच्या छातीत जाऊन बसे. त्यातून होणाऱ्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, आणि फुप्फुसात एकदा गेलेली ती धूळ कशानंही पुसून निघत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथल्या कामगारांचे अभ्यास केले, तेव्हा ऐन तरुणपणी जायबंदी झालेली माणसं समोर आली. आम्ही ज्या पेन्सिली गमतीनं कुडुमकुडुम खात होतो, त्या कोणाच्या तरी श्वासावर घडलेल्या होत्या. तेव्हा जुनं ते सोनं म्हणताना जरा जपून. पाटीनं दिलेली मुभा परत आणावी, पाटीच आणायला हवी असं नाही.

मात्र सगळंच पुसता यावं, असंही मला वाटत नाही. दसऱ्याला आमच्याकडे पाटीपूजन असतं. एकाचे आकडे मांडून सरस्वती काढायची, ही माझ्या आईची रीत. यंदा नातीनं ती पांढऱ्या फळ्यावर काढली, पिवळ्या आणि लाल खडूनं. दोनदा पुसून तिसऱ्यांदा जमली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. दुसऱ्या दिवशी ती मोजा घेऊन उभी राहिली आणि पुसेचना. "ही राहू दे ना आजोबा." मी म्हणालो, "मग वहीत काढ. वहीतली राहते." तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि जून महिन्यापासून घरी कधी न उघडलेली वही काढली. एका ठिकाणी रेघ वाकडी गेली. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिलो. ती तशीच पुढे गेली.

आता त्या फळ्याचा एक कोपरा माझ्या वाट्याला आहे. दूधवाल्याचा हिशेब मी तिथे मांडतो. गेल्या महिन्यात २७ दिवसांचं दीड लिटरप्रमाणे साडेचाळीस लिटर दूध झालं, साठ रुपये भावानं मी खाली रक्कम लिहिली, २३४०. शाळेतून आलेली नात दप्तर पाठीवर ठेवूनच फळ्यासमोर थांबली. बोटांवर बराच वेळ काही मोजलं.

"आजोबा, चुकलं. चोवीसशे तीस."

फरक नव्वदाचा. नऊनं भाग जातो. तेहतीस वर्षांची नोकरी आणि पुन्हा उलटसुलट आकडे! मी मोजा शोधू लागलो. तिनं तो पाठीमागे लपवला.

"पुसायचं नाही. हा हिशेब आहे ना? रेघ मारा आणि सही करा."

मी रेघ मारली, वर बरोबर आकडा लिहिला आणि सही केली. तिनं ती मोजली नाही.